धरणातला मासा आणि संस्थेतलं आपलं नाव

दुपारची भांडी उरकून, निवडायला काहीतरी पुढ्यात घेऊन तुम्ही बसला असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज मासळीबद्दल बोलायचं आहे. समुद्राच्या नव्हे, आपल्या धरणांमधल्या. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या आपल्या डोंगरी तालुक्यांत खोरं तिथे धरण आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना. एवढं पाणी डोळ्यांसमोर असून उन्हाळ्यात आपल्या डोक्यावरचा हंडा सुटत नाही, तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. पण या पाण्यात मासा आहे, आणि त्या माशावर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तर एक आक्का म्हणाली, "अगं ताई, मासं धरणं गड्यांचं काम. त्यात आपलं काय?" मी तिला म्हटलं, आक्का, काल तुम्ही काय काय केलंत ते सांगा. ती सांगू लागली. पहाटे कारभाऱ्याला भाकरी बांधून दिली. तो होडीतून आल्यावर जाळ्यातून मासे सोडवले. कटला वेगळा, चिलापी वेगळी, बारीक वेगळं केलं. मोठा माल गाडीवाल्याला दिला, बारीक टोपलीत घालून तीन वाड्यांत विकून आली. संध्याकाळी जाळ्याची फाटकी जागा शिवली, उरलेलं मीठ लावून वाळत घातलं. मग मी विचारलं, कारभारी पाण्यावर किती वेळ होते? "तीन-चार तास." आणि तुमचे किती तास झाले? आक्का बोटं मोजायला लागली आणि हसली. बाकीच्या हसल्या नाहीत.

त्या बैठकीतलं बोलणं पुढे बरंच लांबलं. त्यातलं कामाचं तेवढं आज सांगते.

आधी हे पाणी आलं कुठून ते थोडक्यात. मुळशीचं धरण बांधायला निघाले तेव्हा १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हे आपण शाळेत ऐकलं आहे. त्या सत्याग्रहात बायाही होत्या. धरण थांबलं नाही. त्यानंतर एकेक खोरं पाण्याखाली गेलं. भाताची खाचरं गेली, देवळं गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही ठिकाणी देवळाचा कळस वर येतो, तो बघायला शहरातून लोक येतात. ज्यांची खाचरं गेली त्यांतले बरेच पुनर्वसनात लांब गेले. जे काठावर राहिले त्यांच्यातल्या काहींनी जाळं हातात घेतलं. भोई समाजाकडे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची, कातकऱ्यांकडेही. बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकले. तेव्हा हा मासा म्हणजे कुणी आपल्याला केलेली मेहेरबानी नव्हे. जमिनीच्या बदल्यात जे थोडंफार हाती राहिलं, त्यातला तो आहे.

धरणातला मासा आपोआप येत नाही, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. मरळ, वांब, शिंगाडा, मळ्या हे नदीतले जुने रहिवासी. त्यांची नावं गावोगाव बदलतात, तुमच्याकडे वेगळं म्हणत असाल तर तेच धरा. चिलापी बाहेरच्या देशातून आली, १९५२ साली. तिची मादी अंडी तोंडात धरून पिल्लं सांभाळते, त्यामुळे ती साठलेल्या पाण्यातही भराभर वाढते. पण ज्याला बाजारात भाव आहे तो कटला, रोहू, मृगळ हा मासा मूळचा गंगेकडच्या मोठ्या नद्यांचा. त्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात तो वाढतो, गलेलठ्ठ होतो, पण सहसा वीत नाही. म्हणून त्याचं बी दरवर्षी आणून सोडावं लागतं. ज्या वर्षी बी सोडलं नाही, त्याच्या पुढच्या दोन वर्षांत जाळी हलकी लागतात. भातासारखंच आहे. पेरलं नाही तर कापणार काय?

पूर्वी हे बी बंगालकडे नदीच्या पुरातून गाळून धरत. मग डॉ. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी ओडिशात एक प्रयोग केला. एका माशाच्या डोक्यातल्या ग्रंथीचा अर्क काढून दुसऱ्या माशाला टोचला, आणि मासा बंदिस्त पाण्यात व्यायला. तो दिवस १० जुलै १९५७. आजही १० जुलै आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. आज कुठल्याही केंद्रावर मिळणारं बी त्या प्रयोगामुळे मिळतं.

बियाला अवस्थेप्रमाणे नावं आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं ते मत्स्यजिरे, दिसतंही जिऱ्याएवढंच. थोडं वाढलं की मत्स्यबीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. आपल्या मोठ्या धरणांत जिरे नेऊन ओतलं तर ते मरळ आणि शिंगाड्याचा नाश्ता होतं. निदान चार इंचांची बोटुकली सोडावी असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे शत्रूच्या तोंडात सहज मावणार नाही एवढी.

आणि इथेच खरा घोळ असतो. बियाची गाडी येते ती बहुतेक वेळा भल्या पहाटे, कारण उन्हात बी मरतं. काठावर चार माणसं असतात. पिशव्या पाण्यात रिकाम्या होतात, कागदावर आकडा पडतो, सह्या होतात. पन्नास हजार बोटुकली सोडली म्हणे! कुणी मोजली? पाण्यात गेलेली गोष्ट पुन्हा मोजता येत नाही. मी असं म्हणत नाही की सगळीकडे लबाडी होते. पण जिथे मोजणारं कुणी नसतं तिथे आकडा सैल होतो, मग तो रेशनचा असो नाहीतर माशाचा.

मोजायची रीत अवघड नाही. स्वयंपाकघरातली आहे. एक लहान चाळणी किंवा भोकं पाडलेली वाटी घ्या. पिशवीतून ती भरून बी काढा, पाणी निथळू द्या आणि पाण्याने भरलेल्या पाटीत सोडून मोजा. असं तीन वेगवेगळ्या पिशव्यांतून तीनदा करायचं, म्हणजे वरवरचं चांगलं आणि खालचं बारीक असा प्रकार असेल तर कळतो. समजा तिन्ही वाट्यांची सरासरी एकशेवीस आली आणि एकूण पन्नास वाट्या भरल्या, तर सहा हजार. बिलावर दहा हजार असतील तर तिथेच, गाडी उभी असताना विचारायचं. गाडी गेल्यावर विचारून उपयोग नाही. मोजणी झटपट करा, बी ओल्या हाताने धरा, फार वेळ पाण्याबाहेर ठेवू नका. किती मेलेली आहेत तेही लिहा. पट्टीने चार-पाच बोटुकल्यांची लांबी बघा.

सोडायचीही पद्धत आहे. पिशवीतलं पाणी आणि धरणाचं पाणी यांत ऊन-गार फरक असतो. बांधलेली पिशवीच आधी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची. मग तोंड सोडून धरणाचं थोडं थोडं पाणी आत घ्यायचं आणि बी आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. बादलीने फेकायचं नाही. जागा निवडायची ती ओढ्याच्या तोंडाची, उथळ, वाऱ्यापासून आडोशाची. भिंतीजवळ सोडलं आणि सांडवा चालू असला तर आपल्या पैशाचं बी खालच्या गावाला जातं. खालच्या गावच्या मैत्रिणींनी यावर हसू नये.

या कामाला दोन बाया काठावर उभ्या राहिल्या तर फरक पडतो. एका गावात मागच्या पावसाळ्यात बचत गटाच्या दोघीजणी वही, पट्टी आणि चहाची गाळणी घेऊन गेल्या होत्या. गडी म्हणाले, "ह्या कशाला आल्यात?" एकीने सांगितलं, "बघायला." तिने आणखी काही बोलायची गरज पडली नाही. त्या दिवशी मोजणी व्यवस्थित झाली.

मैत्रिणींनो, याच बियात गटासाठी एक धंदा आहे, आणि माझ्या मते शेळी, कुक्कुट, पापड यांच्या रांगेत तो जरा नवा आहे. गावात कुणाचं शेततळं किंवा बारमाही डबकं असेल तर गटाने केंद्रावरून मत्स्यबीज आणायचं, दोन-तीन महिने वाढवायचं आणि बोटुकली झाली की धरणाच्या संस्थेला विकायचं. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, समसमान. कोंडा आपल्या गिरणीत मिळतो. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यायचं. बी त्या वेळेला तिथे गोळा व्हायला शिकतं, म्हणजे रोजच्या रोज तब्येत बघता येते. सकाळी बी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर पाण्यात हवा कमी आहे. खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा.

यात तोटाही आहे, तो आधी सांगते. तळं आधी गाळून घेतलं नाही तर आत एखादी मरळ राहते आणि सगळं फस्त करते. बगळे, खंड्या, बेडूक, पाणसाप यांना वरून जाळी लावावी लागते. चांगली राखण झाली तर शंभरातली साठ-सत्तर हाती लागतात, तेवढी धरूनच हिशेब मांडा. शंभरच्या शंभर धरून मांडलेला हिशेब घेऊन कुणी आलं तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घेणारं कोण ते आधी ठरलं पाहिजे. संस्थेचा ठराव आणि लेखी मागणी हातात आल्याशिवाय गटाचा पैसा तळ्यात टाकू नका. तोंडी "आणा की, घेऊ आम्ही" यावर विश्वास ठेवून धंदा होत नाही.

कुणी तुम्हाला झटपट वाढणारा परदेशी मांगूर पाळा म्हणेल. तो आफ्रिकी मांगूर. त्याच्या पालनाला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. तो तळ्यातून निसटून नदीत गेला तर आपले जुने मासे खाऊन टाकतो. त्या फंदात पडू नका.

आता जून तोंडावर आला. पहिले जोराचे पाऊस झाले की मासा चढणीला लागतो. ओढ्यातून, खाचराच्या बांधावरून उलटा वर येतो, पोटात अंडी घेऊन. चढणीचे मासे धरायला पोरं कंदील घेऊन जातात, ती मजा मी लहानपणी केलेली आहे, आणि त्या कालवणाची चवही विसरणार नाही. घरच्या कालवणापुरते चार मासे कुणी नेले तर मी त्याला पापी म्हणणार नाही. पण ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावून पोती भरायची, ती गोष्ट वेगळी. कारण मरळ, वांब, मळ्या यांचं बी कुठल्याच केंद्रातून गाडी भरून येत नाही. त्यांचं बी म्हणजे हीच पोटुशी मादी. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या-तलावांमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. आपल्याकडे गावाने आणि संस्थेने मिळून निदान ओढ्यांची तोंडं तरी तेवढे दिवस मोकळी ठेवायला काय हरकत आहे?

तीच गोष्ट जाळ्याच्या आसाची. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर कटला येतो. तो वीस-तीस ग्रॅमचा असताना सुकटीच्या भावाने जातो, आणि वर्षभर राहिला असता तर किलोभर झाला असता. उजनीकडे वडाप म्हणून मोठं बारीक आसाचं जाळं ओढतात, त्यावरून तिथे कायम भांडणं होतात. जाळी शिवतं कोण? आपण. आसाचं माप आपल्या बोटांना ठाऊक आहे. घरात बारीक जाळं आलं की ते पहिल्यांदा आपल्याला दिसतं. आता, उचल घेतलेल्या कुटुंबाला मी तोंड वर करून हे सांगू शकत नाही, तेही खरं. आपल्या कातकरी बहिणी पावसाळ्यानंतर बिऱ्हाड घेऊन दूरच्या धरणांवर जातात, पाण्याकाठी झोपड्या घालतात. ठेकेदाराकडून आधी उचल घेतलेली असते. जाळं त्याचं, होडी त्याची, भावही त्याचाच. काटाही त्याचाच. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. तिला बारीक मासा सोड म्हणायचं तर आधी तिची उचल गटातून फेडायची सोय करायला हवी. एका पाड्यावर सात बायांच्या गटाने अंतर्गत कर्जातून दोन कुटुंबांची उचल फेडली. रक्कम काही फार मोठी नव्हती. ती फेडून टाकेपर्यंत मोठी आहे असं सगळ्यांना वाटत होतं, कारण ती कुणी कधी लिहूनच ठेवली नव्हती. म्हणून उचल घेताना वहीत लिहा, दिलेला माल रोजच्या रोज किलोत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहून जाईल. आपल्या नद्यांमध्ये एक मोठा, सोनेरी-काळ्या खवल्यांचा मासा होता. त्याला महाशीर म्हणतात, आपल्याकडे खडस, खडशी असंही म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आजही आहे. देवळाच्या डोहात लोक त्याला चुरमुरे टाकायचे. त्याला वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांचं पाणी लागतं. धरणं झाली, डोहात सुरुंग लागले, तो कमी झाला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ टाटा कंपनीने १९७०च्या सुमारास त्याचं बी तयार करायला सुरुवात केली आणि तिथून ते देशभर गेलं. आपल्याच डोंगरातला मासा! सुरुंग आणि विषारी पावडर टाकून मासे मारणं हा गुन्हा आहे, शिवाय त्याच पाण्यातून आपला हंडा भरतो, हे घरातल्या तरुण पोरांच्या कानावर घालायला आईएवढं दुसरं कुणी योग्य नाही.

बरं, विक्रीचं. उदाहरणापुरते आकडे घ्या, भाव दर आठवड्याला बदलतात. काठावर गाडीवाला किलोला ऐंशी देतो आणि बाजारात तोच मासा एकशेसाठला जातो असं समजू. लगेच वाटतं, अर्धा पैसा तो खातो! पण बर्फ, गाडीभाडं, न विकलेला माल, उधारी हे वजा करून बघा. दहा किलोसाठी एकटी बाई बाजारात गेली तर तिच्या हाती फारसं वाढून येत नाही. पाच घरांचा पन्नास किलो माल एकत्र करून दोघीजणी गेल्या तर येतं. बर्फ माशाच्या वजनाइतका घ्यावा, फोडून, एक थर बर्फ एक थर मासा. मोठा मासा पोट साफ करून ठेवला तर जास्त टिकतो. जुना फ्रीज मोडीत काढला असेल तर त्याची पेटी बर्फाला उत्तम. आणि स्वतःचा वजनकाटा. गटाने पहिली खरेदी कसली करावी असं मला विचाराल तर मी काटा म्हणेन.

वाळवणाचं तर आपण जन्मापासून करतो, तरी एक सांगते. जमिनीवर, वाळूत घातलेला मासा दाताखाली कचकचतो आणि शहरातलं गिऱ्हाईक तो पुन्हा घेत नाही. बांबूची माची करा, कमरेएवढी उंच, वरून जुनी मच्छरदाणी. मासा चिरून, चार किलोला एक किलो मीठ, रात्रभर मुरवून मग उन्हात. हे मेच्या अखेरीपर्यंतच. ढग आले की थांबा, नाहीतर अळी पडते.

आता नावाचं. बैठकीतलं सगळं बोलणं शेवटी इथेच येऊन थांबलं.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. त्यांचे कारभारी थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढायला गेले होते. दुपारनंतर आपल्या खोऱ्यांत वारा उठतो, तुम्हाला माहीत आहे, चार वाजता पाणी एकदम काळं होतं. तराफा उलटला. अंगात जाकीट नव्हतं. दुसऱ्या दिवशी सापडले. बाराव्यानंतर वहिनी संस्थेत गेल्या. तिथे कळलं की कारभाऱ्यांच्या शेअरला वारस म्हणून कुणाचंच नाव लावलेलं नाही. विम्याच्या यादीत त्यांचं नाव गेलेलंच नव्हतं. वहिनींनी विचारलं, मग मला सभासद करून घ्या, जाळं माझ्याकडे आहे, विकते तर मीच. उत्तर मिळालं, "बाईमाणसाला सभासद करायची आपल्याकडे पद्धत नाही."

पद्धत नसेल, पण कायद्यात कुठेही बंदी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० सालचा आहे, त्यात सज्ञान माणूस सभासद होऊ शकतो, बाई किंवा पुरुष असा भेद नाही. मच्छीमार संस्थेच्या उपविधींत प्रत्यक्ष मासेमारीचं काम करणारा, कार्यक्षेत्रात राहणारा अशा अटी असतात. त्या आपण पुऱ्या करतो. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. नकार दिला तर कारणासह लेखी मागायचा, आणि त्यावर सहायक निबंधकांच्या कार्यालयात अपील करता येतं. शिवाय याच कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवायची तरतूद आहे. काही ठिकाणी त्या जागांवर अध्यक्षांच्या आणि सचिवांच्या घरच्या बायांची नावं असतात आणि वही सहीसाठी घरी येते. त्या बायांनाही मी दोष देत नाही. वही घरी आली तर सही करायच्या आधी वाचा एवढंच म्हणते. सही केलेल्या पानाला जबाबदार तुम्ही असता.

वहिनींनी अर्ज दिला. ग्रामसंघाच्या चौदा बाया सोबत गेल्या, कुणी भांडलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. पाच महिने गेले. तीन फेऱ्या तालुक्याला झाल्या. आता वहिनींच्या नावावर शेअर आहे. कारभाऱ्यांचे विम्याचे पैसे मात्र मिळाले नाहीत, ते मिळणारही नाहीत, कारण यादीच नव्हती. दोन मुलं आहेत, मोठी मुलगी नववीत.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्याला पंचवीस हजारांपर्यंत. वयाची अट १८ ते ७०. हप्ता सरकार भरतं, आपल्याला एक रुपयाही नाही. फक्त नाव नोंदलेलं पाहिजे. काठावर माल सोडवणाऱ्या, विकणाऱ्या बायांनीही आपली नोंद व्हावी म्हणून मागणी करावी, कारण होडीत आपणही चढतोच. त्याच योजनेत प्रकल्पांना महिलांसाठी ६० टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. म्हणून अचानक घरातली माणसं आपल्या नावाने अर्ज भरायला उत्सुक होतात. भरू द्या, पण बँकेचं पासबुक आपल्या ट्रंकेत असू द्या. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं, वेळेत फेडलं तर दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज चार टक्क्यांवर येतं. सावकाराच्या महिन्याच्या पाच टक्क्यांशी त्याची तुलना तुम्हीच करा. २०२५ साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. पण बँकेत गेल्यावर साहेब पहिल्यांदा काय विचारतो? "संस्थेच्या सभासद आहात का?" फिरून तिथेच येतो आपण.

हे एकटीदुकटीने होतं का, असं कुणी विचारेल. मध्य प्रदेशात तवा नावाचं धरण आहे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथल्या विस्थापित आदिवासींनी झगडून १९९६ साली त्या जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला, गावोगावच्या सहकारी संस्थांचा संघ केला आणि दहा वर्षं तो चालवला. पुढे व्याघ्र प्रकल्पामुळे त्यांचा पट्टा पुन्हा वाढवून मिळाला नाही. म्हणजे मिळवलेलंही जातं, हे खरं. पण ती दहा वर्षं माल त्यांनी स्वतः मोजला आणि स्वतः विकला.

आपल्याकडे या महिन्यात बऱ्याच संस्थांच्या सभा लागतील. तेव्हा घरी गेल्यावर, म्हणजे तुम्ही घरीच आहात, रेडिओ बंद केल्यावर कारभाऱ्यांच्या शेअरचा दाखला बाहेर काढा. वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. रकाना कोरा असेल तर संस्थेतून वारस नोंदीचा अर्ज मागवा. विम्याच्या यादीत त्यांचं नाव गेलं का ते सचिवांना विचारा आणि यादीची प्रत ग्रामसंघाच्या फायलीला लावा. तराफ्यावर जाणाऱ्या माणसासाठी जाकीट घ्यायचं आहे, ते येईपर्यंत पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावून, दोरीने छातीशी बांधून द्या. दिसायला वेडगळ दिसतं. हसू द्या लोकांना.

ज्यांना बोटुकलीच्या धंद्यात रस आहे त्या गटांनी पुढच्या बैठकीत तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजून आणा, दोरीने मोजली तरी चालेल, आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं ते लिहून आणा. ज्यांना सभासद व्हायचं आहे त्यांनी आधार कार्ड, रहिवासी दाखला आणि दोन फोटो. अर्जाचा कोरा नमुना मी सगळ्या ग्रामसंघांत पाठवते आहे. नमस्कार.